संत्र्याच्या दिवसांतली कोरी पट्टी

सुलोचनाताई,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी विहारात पाच मिनिटं बोललो. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, सदा हसतमुख, असं काय काय म्हणालो. सदा हसतमुख! सकाळी अकराच्या आत तुमच्याशी बोलायची आमच्या प्रयोगशाळेत कोणाची टाप नव्हती. तुमच्या वस्तीतल्या बायकांनाही ते ठाऊक असावं, कारण समोर बसलेल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं सेवा, निवृत्तीनंतर आमच्या कॉलेजला मोलाचं सहकार्य, असं सगळं म्हणून मी खाली बसलो. चहा देताना तुमची लेक प्राची म्हणाली, "छान बोलले सर." एखादी गोष्ट अजिबात पटली नसली की तुम्ही ज्या आवाजात 'छान' म्हणायचात, अगदी त्याच आवाजात.

खरं तर मी एकच गोष्ट बोलायला उठलो होतो. जानेवारीत मी पोरांसमोर तुमच्यावर एक आरोप केला होता. तो खोटा होता. तो चारचौघांत मागे घ्यायचं ठरवून मी बेसाच्या घरून निघालो, वाटेत दोनदा वाक्यं पाठ केली, आणि माइक हातात आल्यावर माझी जीभ सरकारी झाली. परत येताना सक्करदऱ्याच्या तलावापाशी गाडी थांबवून बराच वेळ बसलो. स्वतःचाच राग येत होता, दुसरं काही नाही. म्हणून आता हे लिहून काढतोय.

तुमची पहिली भेट आठवते. मे महिना. मी कूलरसमोर बसून पेपर तपासत होतो आणि तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला, हातात लघवी तपासायच्या पट्ट्यांची बाटली. ओळख ना पाळख, एकदम प्रश्न.

"केमिस्ट्रीचे सर तुम्हीच का जी? ह्या पट्ट्या मेल्या. काहून मेल्या, ते सांगा."

खेड्यांतल्या तपासणी शिबिरांना तुम्ही निवृत्तीनंतर स्वतःहून जायचात, हे मला नंतर कळलं. सुई टोचून घ्यायला नाही म्हणणारी माणसं निदान लघवी तरी देतात, आणि पट्टीवर साखर दिसली की मग त्यांना दवाखान्यापर्यंत न्यायला एक कारण मिळतं, असा तुमचा हिशेब. त्या दिवशी बाटली स्कूटरच्या डिकीत राहिली होती. मी समजावून सांगितलं, की पट्टीवर एन्झाइम असतं, साखर सापडली की तेच रंग आणतं. पण एन्झाइम म्हणजे शेवटी प्रथिन, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. आपल्या उन्हात ते शिजलं.

तुम्ही बाटलीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. "मंग न शिजणारं बनवा ना. तुम्ही बसून काय करून राहिले?"

पेपर तपासत होतो, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. पण तुमचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. एन्झाइमचं काम करणारे पण स्वतः एन्झाइम नसलेले अतिसूक्ष्म कण असतात, त्यांना नॅनोझाइम म्हणतात, हे मी वाचलेलं होतं. लोखंडाच्या ऑक्साइडची काळी पूड आणि जोडीला सोन्याचे कण, दोन्ही मिळून एन्झाइमचं काम करू शकतात. धातूच तो, उन्हाला कशाला भिणार? पावसाळ्यात मी तुम्हाला फोन करून बोलावलं आणि मोठ्या ऐटीत ती पूड दाखवली. तुम्ही बाटली हलवून पाहिलीत.

"म्हणजे गंज अन् सोनं एकाच लघवीत? तुमच्या खानदानात कोणी सोनार होते का, सर?"

त्या दिवसापासून, खऱ्या एन्झाइमची नक्कल म्हणून, आपल्या नॅनोझाइमचं नाव 'डुप्लिकेट' पडलं. प्राजक्ता आणि अनिकेत, माझे दोघं संशोधक विद्यार्थी, अजूनही वहीत ते नाव लिहितात आणि मला खोडावं लागतं. "डुप्लिकेट संपली वं प्राजक्ता, थोडी बनवून ठेव," असं तुम्ही साबुदाणा भिजत घालायला सांगावा तसं सांगायचात.

दोन उन्हाळे पट्ट्या फसल्या. तिसऱ्या मे महिन्यात आपण त्या पत्र्याच्या डब्यात घालून कॉलेजच्या गच्चीवर महिनाभर ठेवल्या. त्या चार मजल्यांवर रोज दुपारी जाऊन डबा हलवून यायची काही गरज नव्हती, ताई. पट्ट्या काही भाजीत नव्हत्या. तरी तुम्ही जायचात. महिन्यानंतर पहिली पट्टी साखरेच्या पाण्यात बुडवली आणि तिचा चौकोन निळा झाला, तेव्हा पोरं ओरडली, मी अनिकेतला मिठी मारली. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "चालते जी डुप्लिकेट." पुन्हा घातला, पुन्हा पुसलात. मला तुमच्याशी हात मिळवायचा होता. का कोण जाणे, राहून गेलं.

माझी साखर पकडलीत तीही तुम्हीच. मी दिवसभर पाणी पितो आणि खुर्चीतल्या खुर्चीत पेंगतो, हे बायकोच्या आधी तुम्ही पाहिलंत, बोट धरून टोचलंत, आणि आकडा माझ्यासमोर धरून नुसत्या उभ्या राहिलात. पुढे गोळ्या सुरू झाल्या. मग एका दुपारी जेवण चुकलं आणि हात थरथरायला लागले, तेव्हा तुमच्या ड्रॉवरमधून खडीसाखरेची डबी निघाली. त्यानंतर ती डबी कायमची माझी झाली. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर नमुन्याच्या बाटलीवर लिहितात तसं टपोऱ्या अक्षरांत 'सर'. आणि साखर चढली असली की तुम्हाला चेहऱ्यावरून कळायचं. "आज तर्री पोहे झाले वाटते," म्हणायचात, आणि मी नाही म्हणालो की, "किती प्लेट?"

आता जानेवारीकडे यावं लागेल. मी उगाच इकडे-तिकडे फिरतोय, ते तुम्ही एव्हाना ओळखलंच असेल.

नमुना घेताना तुम्ही बोलत बसायचात. कुठून आलात, रात्रीतून किती वेळा उठता, सून कशी आहे, सकाळी काय खाल्लं. मला ती तुमची सवय वाटायची. एका नमुन्याला दहा मिनिटं लावता म्हणून मी कुरकुरायचो. रजिस्टरमध्ये नावापुढे समासात तुम्ही कधी कधी 'सं' असं बारीक अक्षर काढायचात. मी एकदा विचारलंदेखील नाही ते काय आहे. उलट, समासात रेघोट्या नकोत, रजिस्टर बाहेरच्या लोकांना दाखवायचं असतं, असं सांगून अनिकेतकडून नवं लिहून घेतलं. त्यात नाव, वय, नमुना क्रमांक आणि रंग, बस.

काटोलकडच्या त्या गावातलं शिबिर आपल्या पट्टीची खरी परीक्षा होती. मुद्दाम जुन्या मधुमेहींना बोलावलं होतं, म्हणजे पट्टी निळी व्हायलाच हवी. ती जमली की गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या हातात पट्ट्या द्यायच्या, असं ठरलं होतं. आणि निम्म्याहून जास्त पट्ट्या कोऱ्या राहिल्या. पांढऱ्याफटक. ज्यांच्या रक्तात साखर मावत नव्हती, त्यांना आमची पट्टी सांगत होती की तुम्हाला काही नाही, जा घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये आलो तो तडतडतच. पोरं टेबलाशी होती, तुम्ही बाटल्या धूत होतात. मी विचारलं, नमुन्यात पाणी गेलं का? बाटल्या उन्हात राहिल्या का? तुम्ही नळ बंद केलात.

"सर, लोकायनं संत्री खाल्ली होती. बागेतून टोपलीभर आली होती, सारेच खात होते. मी त्या अनिकेतले सांगतलं होतं, लिहून ठेव म्हणून."

आणि मी म्हणालो, तेच शब्द लिहितो, "ताई, तुम्ही गप्पा मारत नमुने घेता आणि घोळ घालून ठेवता. मग संत्र्यांवर ढकलता. तीन वर्षांचं काम आहे हे."

तुम्ही ॲप्रन काढला, घडी घातली, खुंटीला लावता आला असता पण खुर्चीवर ठेवलात, आणि दुपारचा डबा न खाता गेलात. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचे नमुने जिवापाड सांभाळले, तिला मी तिच्या मुलांच्या वयाच्या पोरांसमोर निष्काळजी म्हणालो.

मला वाटलं, आता येत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या आधी हजर होतात. टेबलावर पिशवीभर संत्री. प्राजक्ताला आणि अनिकेतला तुम्ही बाजारात बाटल्या आणायला पिटाळलं होतं.

"काल रात्री पुतणीच्या साखरपुड्यात जेवले ना? बरं झालं. द्या नमुना."

माझी पट्टी निळीशार झाली. मग तुम्ही माझ्यासमोर संत्री सोलून ठेवायला लागलात. एक, दोन, पाच. "खा. डॉक्टरले सांगू नका." फोडींवरचे धागेसुद्धा काढलेले होते. अडीच तास मी तिथे शाळेतल्या पोरासारखा बसून होतो. मग पुन्हा नमुना, आणि पट्टी कोरी. तुम्ही माझं बोट धरलंत, टोचलंत. रक्तातली साखर चांगलीच चढलेली होती. पट्टी म्हणत होती, हा माणूस ठणठणीत आहे.

पूड रंग आणते आणि संत्र्यातलं क जीवनसत्त्व तो रंग आल्या पावली परत घालवतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, ताई. हे पुस्तकात आहे. मी वर्गात शिकवतो. अख्खं आयुष्य संत्र्यांच्या गावात काढून मला ती टोपली दिसली नाही. कंपनीच्या पट्ट्यांनीही असाच दगा दिलेला तुम्ही दवाखान्यात पाहिला होता, म्हणून दर हिवाळ्यात प्रत्येकाला विचारायची तुमची पद्धत, आणि म्हणून समासातला तो 'सं'. ज्यांनी संत्री खाल्ली, त्यांची कोरी पट्टी तुम्ही खरी मानत नव्हता. त्यांना दोन दिवसांनी पुन्हा बोलवायचात.

तेव्हा मी काय म्हणालो आठवतं? "इंटरेस्टिंग."

तुम्ही सालं गोळा करून पिशवीत भरलीत. "पाच संत्री पचली, सर. एक शब्द राहिला. तोही पचला की सांगा." आणि हसलात. मीही हसलो. कोणता शब्द, ते दोघांनाही ठाऊक होतं. बाटल्या घेऊन पोरं परत आली आणि मी लगेच फळ्यावर समीकरणं लिहायला घेतली. 'एक महत्त्वाचा अडथळा लक्षात आला आहे,' असं म्हणालो. कोणाच्या लक्षात आला, ते म्हणालो नाही. मी तुम्हाला पोरांसमोर बोललो होतो आणि तुम्ही माझी चूक दाखवायला पोरांना बाहेर पाठवलं होतं. हे माझ्या ध्यानात यायला तुम्हाला जावं लागलं.

मग आपलं ते भांडण. पट्टीवर मी आणखी एक थर चढवला, रंगाच्या आधीच क जीवनसत्त्व खाऊन टाकणारा. मार्चमध्ये तो जमला. मी पुन्हा पाच संत्री खाल्ली, पट्टी निळी झाली. म्हटलं, आता कोणाला काही विचारायची गरज नाही.

"गरज नाही म्हणून इचारायचंच नाही का जी?"

"ताई, जिला माणसाला विचारावं लागतं ती पट्टी अपुरी."

"अन् जिच्यापायी माणसाले इचारणं बंद होते, ती?"

यावर मी बरंच काही बोललो. वेळ, माणसं कमी, सेविकांवरचा भार. तुम्ही त्या जानेवारीतल्या शिबिरातले पागोटंवाले आजोबा काढलेत. पट्टी कोरी, पण बोलता बोलता ते तुम्हाला म्हणाले होते की पायात काटा मोडून आठ दिवस झाले तरी कळलं नाही. तुम्ही त्यांना तिथल्या तिथे गाडीत बसवून शहरात पाठवलं, त्यांचा पाय वाचला. मी म्हणालो, एका आजोबांवरून नियम होत नाही. तुम्ही म्हणालात, "एका आजोबाचा पाय तं होते ना." रोज चहाला हे भांडण निघायचं. कधी तुम्ही सुरू करायचात, कधी मी. मला ते संपवायचंच नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

चौदा एप्रिलला तुम्ही खीर आणलीत. निळ्या काठाची पांढरी साडी, आणि सकाळी अकराच्या आतच हसू होतं, त्या एका दिवशी. मला एकच चमचा, तोही तुम्ही स्वतः वाढलेला. "तुमचा शब्द पचला का?" असं विचारलंत. मी म्हणालो, "परीक्षा संपू द्या, सावकाश बोलू." काय सावकाश? एक शब्द तर होता. दहा दिवसांनी पहाटे प्राचीचा फोन आला. मेंदूत रक्तस्राव. मी पोचलो तेव्हा तुमच्या नवऱ्याला, ज्यांनी हिंगण्याच्या कारखान्यात इतकी वर्षं मशीनच्या आवाजात काढली, त्या माणसाला कोणी तरी काही तरी समजावत होतं आणि ते नुसते, "हो, हो," म्हणत होते. आयसीयूच्या काचेतून तुमचा एक हात दिसत होता. त्यावर कोणी तरी सुई नीट लावली नव्हती, काळंनिळं झालं होतं. तुम्ही असतात तर सुई लावणाऱ्या त्या पोरीला बाजूला बसवून शिकवलं असतं.

आपलं भांडण मी हरलेलो नाही, हे सांगून ठेवतो. पट्टी एकटीने खरं बोललीच पाहिजे, हे मी अजूनही म्हणतो. पण आरोग्यसेविकांना द्यायच्या पाकिटाचा मजकूर परवा अंतिम केला, त्यात पहिली ओळ आहे: 'पट्टी बुडवण्याआधी माणसाशी बोला. काय खाल्लं, कसं वाटतं, ते विचारा.' रजिस्टरमध्ये रुंद समास ठेवला आहे.

आणि आज सकाळी मी ते केलं. प्राजक्ताला लॅबमध्ये बसवलं. अनिकेत आता हैदराबादला नोकरीत आहे, त्याला फोनवर घेतलं आणि फोन तुमच्या बाटल्यांच्या रॅकला टेकवून उभा केला. म्हटलं, जानेवारीत मी ताईंना तुमच्यासमोर जे बोललो ते खोटं होतं. नमुने चोख होते. चूक मी केली, शोध त्यांनी लावला, आणि मी तो माझा असल्यासारखा फळ्यावर लिहिला.

मग प्राजक्ता हळूच म्हणाली, "सर, आम्हाला ताईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही मागोमाग गेलो होतो, तेव्हा गेटवर थांबून. म्हणाल्या, 'सरले काही म्हणू नका. सकाळपासून काही खाल्लं नसंन त्यायनं, साखर उतरली की माणूस असाच चिडते. डबी देजा त्याले.'"

फोनमधून अनिकेत म्हणाला, "हो सर. मी डबी घेऊन आलो पण होतो तुमच्या केबिनमध्ये. तुम्ही म्हणाले, आता नको."

मला ते आठवलं. अनिकेत दारात, हातात डबी, झाकणावर 'सर'. मला वाटलं होतं, हा कशाला मध्ये मध्ये करतोय.

म्हणजे अपमान गिळून गेटपर्यंत जाईस्तोवर तुम्ही माझ्यासाठी सबब शोधून ठेवली होती. पोरांनी इतके दिवस तीच खरी मानली. मीही मान हलवली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि एक क्षण, ताई, खोटं कशाला बोलू, मोह झाला.

पण नाही म्हणालो. "माझी साखर उतरली नव्हती," मी पोरांना सांगितलं. "मी त्या दिवशी पोटभर तर्री पोहे खाऊन आलो होतो. दोन प्लेट. मी शुद्धीवर होतो आणि मी चुकलो."

प्राजक्ताने डोळे पुसले आणि मग तुमच्यासारखंच, अगदी नकळत, विचारलं, "दोन प्लेट, सर?" अनिकेत फोनमध्ये हसायला लागला, मग ती हसली, मग मला काही ते आवरेना, हसू की रडू. तुम्ही असतात तर माफीचं नंतर पाहिलं असतं, आधी प्लेटांवरून झाडलं असतं. म्हणून दोन्ही इथे लिहून देतो. पोहे दोन प्लेट होते, ताई. आणि माझं चुकलं.